निजलं कवापासून?

मोठ्या बाई ड्युटीवर झोपतात, ही तक्रार मी त्या आरोग्य केंद्रात रुजू व्हायच्या आधीपासूनची. मला ती पहिल्याच दिवशी कळली, चहाच्याही आधी. शिपायानं सांगितली, औषधं देणाऱ्यानं सांगितली, फाटकाबाहेर केळी विकणाऱ्या बाईनंही सांगितली. "निजेल असतात त्या, पण हात लय चांगला हाय," असं ती केळी मोजता मोजता म्हणाली. मी अमडापूरची, चिखलीकडची. नर्सिंग नुकतंच झालेलं, अकरा महिन्यांची कंत्राटी ऑर्डर पर्समध्ये घडी घालून ठेवलेली, आणि डोक्यात अक्कल जरा जास्तच. म्हटलं, बघू तरी या बाईंची झोप.

बघितली. बाळंतपणाच्या खोलीत खाटेवर एक बाई कळा देत होती आणि तिच्याशेजारी लोखंडी स्टूलवर मोठ्या बाई बसलेल्या. उंच, हडकुळ्या, पांढऱ्या साडीवर तपकिरी स्वेटर, पाय अनवाणी. डोळे मिटलेले. डावा हात बाईच्या पोटावर, आणि उजव्या हाताचं एक बोट स्वतःच्या गुडघ्यावर हळूहळू आपटत होतं. मी खाकरले. काही नाही. मी "नमस्कार सिस्टर" म्हटलं. तरी काही नाही. मग तशाच डोळे मिटून म्हणाल्या, "चपला बाहेर काढून ये, आन् टाच आपटत चालू नको. लेकरू दचकते." मला त्या दिवशी त्यांचा रागच आला. जन्मलं नाही ते लेकरू दचकतं कसलं.

आमचं केंद्र संग्रामपूरच्या वर, जिथून सातपुडा निळा दिसायला लागतो तिथं होतं. चार खोल्या, एक व्हरांडा, व्हरांड्यापुढे कडुनिंब, आणि नळाला खारं पाणी. त्या पाण्याचा चहा प्यायची सवय व्हायला मला दोन महिने लागले. बाळंतपणाला हात लावणारी माणसं म्हणाल तर एक डॉक्टर, ते अर्धे दिवस मीटिंगला. आणखी एक सिस्टर, ती बहुतेक लसीकरणाला गावोगाव. मग उरायच्या मोठ्या बाई, मी आणि खाला. खाला म्हणजे आमची आया. तिचा नवरा गावात गाद्या पिंजायचा, आणि ती स्वतः वीस वर्षं मोठ्या बाईंची सावली होऊन राहिलेली. मोठ्या बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण मी तिथं कोणालाही ते उच्चारताना ऐकलं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही.

जन्माची वेळ नोंदवायची त्यांची रीत ऐका. खोलीत घड्याळ होतं, चालूही होतं. पण लेकरू बाहेर येताना बाईंचे डोळे मिटलेलेच असायचे, आणि उघडल्यावर त्यांची नजर पहिली जायची ती उन्हाकडे. खिडकीतून ऊन आत यायचं आणि दिवसभर भिंतीवरून सरकत जायचं. "लिही, ऊन कपाटाच्या कडीवर." हे मी वहीत लिहिणार कसं? मग मी घड्याळाकडे बघून ठरवून घेतलं, कपाटाची कडी म्हणजे पावणेबारा, पाटीचा कोपरा म्हणजे सव्वा, खाटेचा पाय म्हणजे साडेतीन. पावसाळ्यात ऊनच नसायचं. तेव्हा त्या म्हणायच्या, "ढगात झालं. तुले जे वाटन ते लिही." मी मुकाट्यानं घड्याळ बघून लिहायचे. उन्हाच्या आणि घड्याळाच्या वेळेत ऋतू बदलला की गडबड व्हायची, आणि ती निस्तरत बसायचं काम माझं.

पोटातल्या लेकराचे ठोके ऐकायला त्यांच्याकडे ॲल्युमिनियमची एक नळी होती. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला चपटी. बाया तिला नरसाळं म्हणायच्या. बाई ते नरसाळं चुलीच्या राखेनं घासायच्या आणि कमरेला खोचून हिंडायच्या. जिल्ह्यावरून ठोके ऐकायचं मशीन आलं होतं, ते कपाटात खोक्यासकट पडलेलं. मी एकदा काढलं तर म्हणाल्या, "ठेव तुह्याजवळ. ते बोंबलून सांगते. मले हळू आयकाची सवय हाय."

त्या पोटाशी बोलायच्या. आईशी नाही, पोटाशी. नळीवरून कान काढून, तोंड पोटाजवळ नेऊन, अगदी घरच्यासारखं. "काऊन बे, येऊन राह्यला का बसून राह्यला? तुह्या मायनं सकाळपासून काही खाल्लं नाही." कळांनी कासावीस झालेल्या बाईलाही हसू फुटायचं. हसली की तिचं अंग सैल पडायचं. पुढे माझ्या लक्षात आलं की हे हसवणं त्या अगदी ठरवून, दोन कळांच्या मधल्या वेळेत करायच्या.

त्या खोलीत त्यांचा एकच नियम होता. "वरडाचा हक येकीलेच. खाटेवरच्या बाईले." बाकी कोणी आवाज चढवायचा नाही. माझं शिक्षण झालं होतं मोठ्या दवाखान्यात, तिथं बाईला ओरडतात. इथं लिहिण्यासारखं नाही असं बोलतात. मीही शिकले होते ते. एकदा एक पोरसवदा बाई पाय आवळून घेत होती, मी तिच्यावर खेकसले. मोठ्या बाईंनी डोळे न उघडता म्हटलं, "खाला, हिले बाहेर ने. नळाखाली हात धुवाले लाव. तोंडबी." मी खरोखर नळाखाली तोंड धुतलं. खारं पाणी डोळ्यांत गेलं, आणि त्या सबबीवर मी रडून घेतलं. संध्याकाळी बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "सरकारी खाटेवर जी येते तिच्यापाशी दुसरी खाट नसते," त्या म्हणाल्या. "तिले माहीत असते का आपण वरडलो तरी ती जाऊ नाही शकत. म्हणूनच वरडाचं नाही." असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर चार शेंगदाणे ठेवले. माफीबिफी त्यांच्यात नव्हती.

ते दिवस कापसाच्या नव्या बियाण्याचे होते. आमच्या अमडापूरलाही माझ्या वडिलांनी तेच पेरलेलं. पिशव्या चकचकीत, भाव चढे, आणि पऱ्हाटी फुटायची ती सगळी एकदम. जुना कापूस महिनोनमहिने थोडा थोडा यायचा, बाया आपल्या सवडीनं वेचायच्या. आता शेत आठ-पंधरा दिवसांत पांढरंफटक व्हायचं आणि सगळ्यांना एकाच वेळी वेचायला बाया हव्या असायच्या. त्या दिवसांत आमच्याकडे तपासणीला कोणी फिरकायचं नाही. नवव्या महिन्याची बाईसुद्धा कापूस वेचायची ओटी बांधून शेतात. मोठ्या बाई व्हरांड्यात बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या ऐकायच्या. "कापसालेबी आता धीर राह्यला नाही," म्हणायच्या. "आन् कळा वाढवाची सुई द्या म्हणून नातेवाईक माह्या मांग लागतात, घरी कापूस पडेल हाय म्हणतात. लेकरू का पऱ्हाटी हाय?" त्या सुई द्यायच्या नाहीत असं नाही. गरज असली तर झटकन द्यायच्या. घाई असली तर नाही. गरज आणि घाई यांतला फरक मला त्यांनी चार वेळा समजावला, पाचव्यांदा समजला.

शेतातून आलेल्या बाईचे केस त्या आधी हुंगायच्या. "फवाऱ्यात गेल्ती का वं?" ती हो म्हणाली की कळा येत असल्या तरी आधी खाला तिला साबणानं धुवायची. फवारणीच्या दिवसांत शेजारच्या खोलीत चक्कर येऊन पडलेले गडी आणून टाकायचे. कोणी म्हणायचं फवारताना नाकातोंडात गेलं, कोणी काहीच म्हणायचं नाही. डॉक्टरांनी नळ्या घातल्या की मोठ्या बाई त्या माणसाचं मनगट धरून बसायच्या, तसेच डोळे मिटून, आणि मधून मधून म्हणायच्या, "निजू नको बे. गावाचं नाव सांग. बैलाचं नाव सांग." एकानं सांगितलं की बैल मागच्या वर्षीच विकले. "मंग इकलेल्या बैलाचं सांग," बाई म्हणाल्या. त्यानं दोन्ही नावं सांगितली.

बुलढाण्याला महिन्याची मीटिंग असायची. आम्ही एस.टी.नं घाट चढून जायचो, वर गेल्यावर हवा गार लागायची आणि बाई स्वेटरची वरची गुंडी लावायच्या. एकदा नवे साहेब तक्ता लावून बोलत होते. त्यांनी मध्येच थांबून विचारलं, "त्या मागच्या सिस्टर झोपल्यात का?" सगळा हॉल वळला. मी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "नाही जी. तुमचं बोलणं मोजून राह्यली होती. लय जलद आहे. पाणी प्या." साहेब खरंच पाणी प्यायले. आणि मग म्हणे त्यांनी निघताना शेरा लिहिला, कामावर असताना झोपतात. तो कागद पुढे आमच्याकडे आला. त्याच्या उत्तरात बाईंनी एकच ओळ लिहून दिली, 'झोपली नव्हती. ऐकत होते.' व्याकरण मी दुरुस्त करू म्हटलं, तर नाही म्हणाल्या.

आता माझं सांगते. दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे सासरी-माहेरी कोणी मोठ्यानं बोलायला तयार नाही. नवरा विनाअनुदानित शाळेवर, लांब सिंदखेडराजाकडे. मी क्वार्टरमध्ये एकटी. माझी ऑर्डर संपणार होती त्याच महिन्यात माझे दिवस भरत होते. रजा घेतली तर ऑर्डर पुढे मिळेल का, हे विचारायचीही सोय नव्हती, कारण विचारलं की पोट कळणार. म्हणून मी ढगळ ॲप्रन घालून उभ्यानं कामं करत राहिले. मोठ्या बाईंना दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं, चालण्याच्या आवाजावरून. त्यांनी माझं स्टूल बदलून टेकायचं स्टूल आणून ठेवलं.

तपासणीच्या कार्डावर एक प्रश्न असायचा, बाळाची हालचाल. बायांना मी तो विचारायचे आणि उत्तरं यायची, "खेळते जी", "फिरते", "लाथा मारते मेलं", नाही तर, "आज निजेल हाय." आमच्या भागात असंच म्हणतात. लेकरू पोटात शांत असलं की निजलं म्हणतात, कौतुकानं म्हणतात. मी या सगळ्याच उत्तरांपुढे एकसारखी बरोबरची खूण करायचे. रांग मोठी असली की खूण आधी आणि प्रश्न नंतर. खोटं कशाला बोलू?

वेचणीचे दिवस होते, दुपार होती. डॉक्टर जीप घेऊन बुलढाण्याला, दुसरी सिस्टर लसीकरणाला. आत खाटेवर कोणी नव्हतं. मोठ्या बाई व्हरांड्यात उन्हात स्टूलवर, डोळे मिटून. खाला एका ड्रायव्हरच्या हाताची पट्टी बदलत होती. त्याची कापसानं भरलेली गाडी फाटकात उभी, खामगावला जिनिंगवर, सरकी काढायला निघालेली. मी पायरीवर बसून कार्डं लावत होते. हवा अशी की सगळं थोडं लांबून ऐकू यावं. नळ ठिबकत होता, कडुनिंबाची पानं हलत होती, रस्त्यावरून कापसाचे पुंजके वाऱ्यानं घरंगळत अंगणात येत होते. मलाही पेंग येत होती.

खालानं सहज विचारलं, "क्या गं, आज तेरा पैलवान लाथा नहीं मारता?"

"आज निजलंय," मी म्हणाले. "शहाणं झालं."

मोठ्या बाईंनी डोळे उघडले.

एवढ्या दिवसांत मी त्यांना कशासाठीही असे डोळे उघडताना बघितलं नव्हतं. कोणी किंचाळलं तरी नाही, साहेब आले तरी नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"कवापासून?"

"काय कवापासून?"

"निजलं कवापासून?"

मी हसून काही तरी सांगायला गेले आणि मला सांगता येईना. सकाळी? सकाळी मी इंजेक्शनं मोजली, हजेरी लिहिली. काल संध्याकाळी पोळ्या लाटताना लागलं होतं का काही? की परवा? दिवसाला तीस बायांना विचारते मी, आणि स्वतःला दोन दिवस विचारलं नव्हतं. हातातली कार्डं पायरीवर पसरली ती कोणी उचलली ते आठवत नाही.

त्यांनी मला आत नेऊन डाव्या कुशीवर निजवलं. खालानं गूळपाणी पाजलं. नळी पोटाला लागली, गार. बाईंनी कान टेकला आणि डोळे मिटले. मग कितीतरी वेळ काहीच नाही. भिंतीवर ऊन पाटीच्या कोपऱ्यापर्यंत आलं होतं, मी बघत होते. म्हटलं, सव्वा. आणि मग त्यांचं बोट माझ्या मनगटावर आपटायला लागलं. लेकराचा एक ठोका, बोटाचा एक ठोका. म्हणजे आहे. आहे म्हणून मी रडले, आणि रडता रडता मोजायला लागले, कारण मोजायला तर मलाही शिकवलं होतं. ठोके सावकाश होते. मध्येच आणखी सावकाश व्हायचे, आणि त्यांचं बोट हवेत थांबून राहायचं.

'रेफर' या शब्दाचा बाईंना तिटकारा होता. मोठ्या दवाखान्याचा कागद लिहून बाईला रस्त्यावर लावून द्यायची रीत ती, म्हणायच्या, आपण मोकळे, ती जाणे. त्या दिवशी त्यांनी स्वतः कागद घेतला आणि रेफर लिहिलं. मग चाव्या काढून खालाच्या हातात दिल्या. "तू कुठी चाल्ली?" खालानं विचारलं. बाई म्हणाल्या, "हिच्यासंगं. निसत्या कागदावर म्या आजवर कोणाले धाडलं का?"

ड्रायव्हर पट्टीचा हात वर धरून उभा होता. बाईंनी त्याला विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, "बाई, माल हाय वर. वल्ला झाला तर जिनवाला घेणार नाही." बाई म्हणाल्या, "कापूस वाळते. चाल." केबिनमध्ये निजायला जागा नव्हती. त्यानं गाडीची मागची फळी खाली पाडली, कापसात हातानं खळगा केला, आणि मला त्या खळग्यात डाव्या कुशीवर निजवलं. मोठ्या बाई माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या, अनवाणी, नळी हातात.

ती वाट मला अजून झोपेत दिसते. सगळीकडे पांढरं, वर निळं. गाडी हलली की मी कापसात आणखी खाली जायचे, आवाज बुजायचे. नाकाला सरकीचा वास यायचा, आमच्या घरच्या पडवीचा वास. मला वाटलं मी अमडापूरलाच आहे, लहान आहे, वडिलांनी कापसाच्या ढिगावर निजवलंय. भीती वाटेनाशी झाली. डोळे जड झाले. तेवढ्यात गालावर चापट बसली. "तू निजू नको वं. गावाचं नाव सांग." मी सांगितलं. "बैलाचं नाव सांग." आमच्या बैलांची नावं मी सांगितली, दोन्ही विकले होते तरी.

इंजिनाच्या आवाजात त्यांना ठोके ऐकू येईनात. मग त्यांनी केबिनच्या टपावर थाप मारली. "थांबव. बंद कर. आयकू दे." पहिल्यांदा गाडी थांबली पूर्णेच्या पुलाअलीकडे. दुसऱ्यांदा अगदी शेतांच्या मध्ये. दोन्ही बाजूंना बाया कापूस वेचत होत्या. ओटी भरलेल्या, वाकलेल्या. एकीनं हाक मारली, "काय झालं जी?" बाईंनी नुसता हात वर केला. त्या बाया समजल्या. एकमेकींत चाललेलं बोलणं थांबलं, हात थांबले, आणि त्या सगळ्या पऱ्हाटीत उभ्या राहून आमच्याकडे बघत राहिल्या. एवढी शांतता मी पुन्हा कुठं ऐकली नाही. माझ्या मनगटावर बोट पडत होतं. एक. एक. एक. मग बाई पोटाजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "काऊन बे, मायच्या ऑर्डरीची फिकर तू करून राह्यला का? तू ये. ऑर्डर येते-जाते." बोट जरा भरभर पडलं. जरासंच. वेचणाऱ्या बायांपैकी एकीनं हातातला कापूस कपाळाला लावला आणि गाडीत टाकला.

खामगावच्या सरकारी दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी दारातच डॉक्टरीणबाईंना ठोके सांगितले, कुठे किती आणि कधी किती, पुलापाशी किती, शेतात किती. डॉक्टरीणबाईंनी कागद न बघता मला ऑपरेशनला घेतलं. नाळेचे दोन वेढे गळ्यात होते. मुलगी निघाली. रडायला तिनं थोडा वेळ घेतला, पण रडली. किती वाजता, ते तिथल्या वहीत नीट लिहिलेलं आहे. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तिथं खिडकी नव्हती."

दुसऱ्या दिवशी त्या खाटेशेजारी बसल्या होत्या, डोळे मिटून, पोरीच्या छातीवर दोन बोटं ठेवून. मी विचारलं, तुम्ही एवढ्या शब्दानं कशा उठलात? त्या सांगायला लागल्या. नवीन नोकरी होती त्यांची, डोंगराकडच्या उपकेंद्रात. एक बाई आली, हसतमुख, म्हणाली लेकरू निजलंय. "म्याबी हासली तिच्यासंगं," बाई म्हणाल्या. "निजू दे म्हटलं, तू दिवसभर राबते, तेबी दमलं असन. तिसऱ्या दिवशी आली ती परत." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मग म्हणाल्या, "डोळे उघडे असले का आपण तोंड पाह्यतो. तोंड हासते वं. पोट थोडीच हासते. तवापासून म्या पाह्यनंच सोडलं." मी विचारलं, ती बाई कुठं असते आता? "बाजारात भेटते कधी कधी. हासते मले पाहून. अजून हासते."

केंद्र आयाच्या भरवशावर सोडून गेल्याबद्दल त्यांना नोटीस आली. तीही झोपेच्या कागदांत लागली. माझी ऑर्डर चार महिने मिळाली नाही, मग मिळाली, दुसऱ्या तालुक्यात. मी गेले. मोठ्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा मला पोचता आलं नाही, आणि हे मला अजून लागतं. माझ्या हाताखाली आता पोरी काम करतात. त्या मला हसतात, कारण कार्डावर बरोबरची खूण करायला मी बंदी घातली आहे. बाई निजलं म्हणाली की कवापासून, ते लिहायचं. रांग कितीही मोठी असो.

मागच्या हिवाळ्यात मी संग्रामपूरला त्यांच्या मुलाच्या घरी गेले. मुलगी बरोबर होती, आता माझ्याहून उंच. दारात सून आली, हात पिठाचे. म्हणाली, "आई निजल्या आहेत."

"कवापासून?" मी विचारलं.

सून गोंधळली. "सकाळपासूनच. चहाबी नाही घेतला," ती म्हणाली.

मी चपला दारात काढल्या की कुठं, माहीत नाही. आत बाजेवर मोठ्या बाई पडलेल्या. तपकिरी स्वेटर तोच, वरची गुंडी लावलेली. डोळे मिटलेले. खिडकीतलं ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. मी खाली बसले, त्यांचं मनगट धरलं आणि नाडी शोधायला लागले. मी बोटं इतकी घट्ट दाबली होती की मला माझीच नाडी लागत होती, त्यांची लागेना. मुलगी दारात उभी राहून बघत होती. मी डोळे मिटले.

तेव्हा माझ्या हातावर काही तरी आपटलं. एक बोट. पुन्हा एकदा. मग भराभर, माझ्या नाडीच्या चालीनं.

"लय जलद आहे," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "पाणी पी."

सुनेनं गडवा भरून आणला. पाणी तसंच होतं, खारं. मी सगळं प्यायले.